पिठावरचं पाखरू

बाबा गेले तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मध्य प्रदेशात परसवाड्याजवळच्या आमच्या गावातून बाबा खाणीच्या बसनं उकव्याला जायचे, जमिनीखाली मँगनीजचा दगड फोडायचे आणि संध्याकाळी पापण्यांपर्यंत काळे होऊन परत यायचे. पुढे छातीनं साथ सोडली. शेवटचे काही महिने ते अंगणातल्या खाटेवर पडून असत आणि मी बालाघाटची भाड्याची खोली सोडून त्यांच्याजवळ येऊन राहिलो होतो.

सीमेपलीकडे, महाराष्ट्राच्या बाजूला, एक धावपट्टी आहे. तिथून शिकाऊ पायलटांची छोटी विमानं उडतात आणि आमच्या जिल्ह्यावर घिरट्या घालतात. बालाघाटात त्यांच्याकडे मान वर करून कोणी बघत नाही, इतकं ते रोजचं झालं आहे. बाबा मात्र बघायचे. उताण्या पडलेल्या माणसाला दुसरं बघण्यासारखं काही नसतं, हेही खरं.

"आत किती जण असन?" त्यांनी एकदा विचारलं.

"दोघं. एक शिकणारा, एक शिकवणारा."

"बोलत असन का एकमेकासंगं?"

"बोलतात न. कानाले लावलेलं असते, त्याच्यातून."

"बरं हाय मंग," ते म्हणाले. "खाली आमचा आवाज मशीनच खाऊन टाकते."

त्याच दिवसांत कधीतरी मी त्यांना सांगितलं की मला पायलट व्हायचं आहे. ते हसले नाहीत. दम लागला होता, तो बसू दिला आणि "हो न मंग" एवढं म्हणाले. भाजी आणतो म्हटलं असतं तरी त्यांनी याच सुरात "आण न मंग" म्हटलं असतं. पण ते गेल्यावर मी हे आईला सांगितलं, आईनं मोठेबाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला सांगितलं, आणि दोन घरांच्या मधल्या गल्लीतून जाईपर्यंत त्या तीन शब्दांची शेवटची इच्छा झाली.

पायलट हा शब्द माझ्या डोक्यात घालणारे आमचे कॉलेजातले फिजिक्सचे सर. त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही. मी हिंदी माध्यमाच्या सरकारी शाळेतून आलो होतो, घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि इंग्रजी फक्त पुस्तकात. सर तास संपल्यावर मला थांबवून घेत आणि इंग्रजीत बोलायला लावत. काय बोलू, असं विचारलं तर म्हणत, "आज सकाळी काय खाल्लं ते सांग." मी रोज पोहे खायचो, त्यामुळे माझं इंग्रजी बराच काळ पोह्यांपुरतं होतं. सर म्हणाले होते की हवेत जायचे दोन रस्ते आहेत. एक पायलटचा, त्याला फिजिक्स-गणित लागतं, ते तुझ्याकडे आहे. दुसरा केबिन क्रूचा. "उंची आहे, आवाज चांगला आहे, आजारी माणसाजवळ बसायची सवय आहे. विचार कर." मला राग आला होता. ट्रे घेऊन फिरण्यासाठी मी फिजिक्स शिकतो आहे का, असं मनात आलं. 

आता त्या पिठाचं सांगतो.

आमच्याकडे एक रीत आहे. माणूस गेला की दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथं त्याला शेवटी निजवलं होतं त्या जागी तांदळाचं बारीक चाळलेलं पीठ पसरतात. शेजारी दिवा ठेवतात, वर बांबूची टोपली पालथी घालतात आणि दार ओढून घेतात. सकाळी घरातलं मोठं माणूस टोपली उचलतं. पिठावर जे उमटलं असेल त्यावरून गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं, असं मानतात. माणसाचं पाऊल, गाईचा खूर, सापाची वळवळ. काहीच उमटलं नाही तर तो अजून इथंच आहे. सगळ्यांना भीती त्याचीच असते.

सकाळी मोठेबाबांनी टोपली उचलली. आई त्यांच्या मागे, मी आईच्या मागे. पीठ सपाट होतं. फक्त मधोमध एक ठसा होता. पुढे तीन रेघा फाकलेल्या, मागे एक.

मोठेबाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "पाखराचा पाय हाय," ते म्हणाले.

आईनं पदर तोंडाला लावला, पण ती रडत नव्हती. मला आठवतं, तिचा चेहरा मोकळा झाला होता. ज्या माणसाचा जन्म जमिनीखाली गेला, तो पाखरू होऊन वर गेला, यापेक्षा चांगलं तिनं मागितलंही नसतं. मी विज्ञानाचा विद्यार्थी. कौलांच्या फटीतून चिमण्या आत येतात हे मला माहीत होतं. टोपलीची एक कड जमिनीवर नीट टेकली नव्हती, हेही मी पाहिलं होतं. तरी मी त्या ठशाकडे वाकून बघत राहिलो. चिमणी आत आली असती तर तिचे पाय अनेक उमटले असते. तिथं एकच होता. एकाच पायावर उतरून जे काही होतं ते परत गेलं होतं.

माझ्या चुलतभावानं मोबाईलवर फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत तिरोडीच्या आत्याच्या मुलाचं उत्तर आलं. त्यानं फोटो उलटा करून पाहिला होता. त्यानं लिहिलं होतं, "मामा, हे पाखरू नाही, विमान हाय. समोर नाक, दोन पंख, मागं शेपूट." आणि एकदा तसं कोणी म्हटलं की दुसरं काही दिसेना. पिंडाला आलेली माणसं फोन हातात घेऊन फोटो फिरवत होती. "हौ न, विमानच दिसून राह्यलं." कोणीतरी विचारलं, "पोट्टा पायलट होतो म्हणत होता न?" मोठेबाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "त्याच्या बापानं सांगतलं, अन जाऊनही सांगतलं. आता अजून कसं सांगावं त्यानं? माह्या वाट्याची मोहाजवळची धानाची बांधी विकतो. पण पोराले पायलट करतो."

पायलटचं शिक्षण फार महाग असतं हे मी त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "जमीन कुठं उडते?" हा त्यांचा विनोद होता. कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना तो निर्णय वाटला. मलाही. खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला होता, आणि दहाव्याच्या दिवशी आनंद झाला म्हणून मी मागच्या दारी जाऊन उगाच भांडी विसळत बसलो.

महिन्याभरानं आम्ही चौकशीला निघालो. मी, मोठेबाबा आणि आई. आईला नेण्याचं कारण नव्हतं, पण ती म्हणाली, "मलेही पाहू द्या, कुठं जाते हा." बालाघाटला बस बदलून, नदी आणि सीमा ओलांडून आम्ही त्या धावपट्टीच्या फाटकापाशी पोचलो. मोठेबाबा आणि मी आत ऑफिसात गेलो. तिथल्या माणसानं आम्हाला चहा दिला, मेडिकल कसं असतं, परीक्षा कोणत्या, उड्डाणाचे तास किती, सगळं नीट समजावलं. मोठेबाबा प्रत्येक गोष्टीला "हौ साहेब" म्हणत होते. मी खिडकीतून बाहेर उभं असलेलं छोटं पांढरं विमान बघत होतो.

आई बाहेर तारेच्या कुंपणाजवळ बसली होती. आम्ही परत आलो तेव्हा ती कुंपणापलीकडच्या एका माणसाशी बोलत होती. त्याच्या हातात फटाक्यांची पिशवी होती. थोड्या थोड्या वेळानं तो एक पेटवून गवतात फेकायचा, मोठा आवाज व्हायचा आणि बगळे, टिटव्या उठून दूर जायच्या. पाखरं राखणं आईला नवं नव्हतं. धानात दाणा भरू लागला की तिनंही मचाणावर बसून गोफण फिरवली होती. म्हणून तिनं त्याला सरळ विचारलं होतं, कोणतं पीक लावलं आहे इथं.

"मग काय म्हणाला तो?" मी हसत विचारलं.

आई हसली नाही. "पीक नाही म्हणे. विमान. पाखरू पंख्यात शिरलं त राहतच नाही म्हणे. रगत बी धड दिसत नाही."

"अगं, तसं क्वचित होतं. अन म्हणूनच त हाकलतात न त्याइले."

"समोर बसलेल्याले दिसते का रे ते?"

"कोण?"

"पाखरू."

मी म्हटलं, दिसत असेल. खोटं कशाला बोलू.  परतीच्या बसमध्ये मोठेबाबा माझ्याशी बांधीच्या भावाबद्दल बोलत होते आणि ती खिडकीच्या गजाला डोकं टेकून बसली होती. मला वाटलं तिला बस लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दहाव्यापासून रोज ठेवायची तसा, तिनं अंगणाच्या भिंतीवर पाखरांसाठी मूठभर भात ठेवला आणि मला जवळ बसवलं.

"तुले उडाचं असन त उड," ती म्हणाली. "पण चालवू नको."

मला वाटलं अपघाताची भीती. मी समजावू लागलो. तिनं हातानं थांबवलं.

"तुह्याबद्दल नाही बोलून राह्यली मी. तुहे बाबा पाखरू झाले. तू समोर बसशीन. उद्या ते समोर आले त?"

मी चिडलो. इतकं शिकून आईशी या गोष्टीवर वाद घालायचा याचीच मला लाज वाटत होती, म्हणून जास्त चिडलो. म्हटलं, आई, मी चालवलं नाही तर दुसरा कोणी चालवेल. पाखरू मरायचं ते मरेलच.

"मरन. पण तुह्या हातानं नाही."

"अन मी त्याच विमानात मागं उभा असलो त?"

"बसखाली कुत्रं येते तवा पाप डायवरच्या माथी जाते का सवारीच्या?"

मोठेबाबांनी मध्ये पडून पाहिलं. "अवं, तो इशारा विमानाचाच होता. सगळ्याइनं पाह्यला."

"तुमी फोटो पाह्यला," आई म्हणाली. "मी पीठ पाह्यलं."

माझ्याकडे उत्तरं होती, पुष्कळ. पिठाबद्दल, टोपलीच्या कडेबद्दल, चिमण्यांबद्दल. मी एकही सांगितलं नाही. तिची ती समजूत काढून घेतली असती तर बाबा तिच्यासाठी पुन्हा जमिनीखाली गेले असते. आणि दुसरंही एक होतं. त्या दिवसांत मी अंगणात उभा राहिलो की वरून जाणाऱ्या छोट्या विमानाच्या पुढे एखादं पाखरू दिसायचं. ते नेहमीच असत असेल, मी आधी बघितलं नव्हतं एवढंच. विमान आणि पाखरू आकाशात एका रेषेत आले की माझा श्वास अडकायचा. दोघं लांब झाले की सुटायचा. मी कॉलेजात शिकलो होतो की डोळ्याला अंतर कळत नाही, दोन्हींमध्ये कितीतरी मोकळी हवा असते. श्वास तरीही अडकायचा.

मी सरांकडे गेलो. काय झालं ते अर्धंच सांगितलं. आई नको म्हणते, एवढं. सर म्हणाले, "दुसरा रस्ता अजून उघडा आहे." नागपूरला केबिन क्रूच्या मुलाखती होत्या. सरांनी मला आपला कोट दिला. तो खांद्यात घट्ट होता. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, आजारी प्रवासी घाबरला तर काय कराल. बाकीची मुलं पाठ केलेलं सांगत होती. मी म्हटलं, आधी त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन बसेन, उभ्या माणसाकडे बघताना आजारी माणसाला जास्त भीती वाटते. हे मी खाटेजवळ शिकलो होतो. माझी निवड झाली.

गावाला हे पचायला वेळ लागला. पायलट होणार म्हणून जो गाजावाजा झाला होता, तो मला परत घ्यावा लागला. बालाघाटच्या बस स्टँडवरचा पानठेलेवाला मला लहानपणापासून ओळखतो. पहिल्या सुट्टीत आलो तर म्हणाला, "काय बे, विमानात कंडक्टर झाला म्हणते?"

"हौ," मी म्हटलं.

"तिकीट फाडतं का हवेत?"

"तिकीट खालीच फाडतात. वर आमी पाणी देतो."

"पाण्याचे पैसे घेता का?"

"पाणी फुकट हाय."

"मंग चांगली कंपनी हाय," असं म्हणून त्यानं मला पान लावून दिलं. माझा चुलतभाऊ मात्र बरेच दिवस मला हवाईसुंदरा म्हणत राहिला.

काम मला आवडू लागलं, हे मी कोणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही. विमान सुटताना आणि उतरताना आमची घडीची खुर्ची उलटी असते. पायलट पुढे बघतो, आम्ही प्रवाशांकडे तोंड करून बसतो. आमच्या भागातले कितीतरी लोक मजुरीसाठी दूर जातात आणि आता कधीमधी विमानानंही जातात. पहिल्यांदा बसलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो पिशवी मांडीवर घट्ट धरून बसतो, वर ठेवू देत नाही. पट्टा कसा लावायचा ते विचारत नाही, शेजाऱ्याचं बघून करतो आणि चुकतो. मी जाऊन डोळ्यांच्या उंचीला बसतो. अशा एखाद्या माणसाच्या नखांच्या कडेला काळं दिसलं की मला क्षणभर पुढचं काही सुचत नाही.

पण मला खरं भ्यायला व्हायचं ते कॉकपिटच्या दाराचं. आत चहा द्यायला गेलो की उजवीकडच्या खुर्चीत सहपायलट पाठमोरा असायचा. बहुतेक वेळा माझ्याच वयाचा, तसेच बारीक कापलेले केस, कानावर हेडफोन. दार उघडल्यापासून तो वळून बघेपर्यंत जो एक क्षण जायचा, त्यात मला वाटायचं की हा वळला तर माझाच चेहरा असेल. ज्याला मोठेबाबांनी बांधी विकून शिकवलं तो. तो वळायचा, दुसराच कोणी असायचा, थँक यू म्हणायचा. मी दार ओढून घ्यायचो आणि गॅलीत, म्हणजे आमच्या चहापाण्याच्या कोपऱ्यात, येऊन थोडा वेळ उगाच कप रचत बसायचो. बाबांचं भूत मी कधी पाहिलं नाही. जे पाहिलं ते या जिवंत मुलाचं.

मग काही वर्षांनी ती सकाळ आली. कुठलं शहर होतं ते सांगत नाही. विमान नुकतंच धावपट्टीवरून उठलं होतं. मी माझ्या उलट्या खुर्चीत होतो. डाव्या बाजूला धप्प असा आवाज आला, ओली गादी आपटल्यासारखा, आणि पायाखालची जमीन थरथरू लागली. मागोमाग वास आला. जळलेल्या पिसांचा. एसीच्या झडपांतून तो सगळ्या विमानात पसरला. दुसऱ्या रांगेतल्या एका माणसानं मला हसून विचारलं, "भैया, चिकन जल गया क्या?"

मी त्याला म्हटलं, "सर, पट्टा लावून ठेवा." आवाज शांत आला. तो कसा आला हे मला माहीत नाही. माझ्या डोक्यात आईचा आवाज होता, समोर बसलेल्याले दिसते का रे ते.

एक इंजिन बंद करून आम्ही परत फिरलो आणि सुखरूप उतरलो. कॅप्टन एक बाई होत्या, अनुभवी. त्यांनी प्रवाशांना दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. लोक उतरताना टाळ्या वाजवत होते. शेवटचा प्रवासी गेल्यावर मी जिन्यानं खाली आलो. इंजिनच्या तोंडाशी दोन इंजिनियर बॅटरी मारून बघत होते. सहपायलट चाकाजवळ सिमेंटवर उकिडवा बसला होता. टेकऑफ त्यानं केलं होतं. मी पाण्याची बाटली घेऊन त्याच्यासमोर तसाच बसलो.

"घार असेल," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"मैंने देखा उसको," तो म्हणाला. "सामने आई, और मुड़ी नहीं. एकदम मेरी तरफ देख रही थी."

त्यानं बाटली घेतली, पाणी शर्टावर सांडलं. मी त्याला म्हणू शकलो असतो की त्या वेगात पाखराचे डोळे दिसत नाहीत. ते खरंही असेल. पण मी स्वतः पिठाकडे वाकून बघितलेला माणूस. मी त्याच्या हातातली बाटली धरून ठेवली. तो प्यायला.

संध्याकाळी आईला फोन केला. लपवायचं नाही, एवढं ठरवलं होतं. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "कोण चालवत होतं?"

"एक पोरगा. माह्याच वयाचा."

"त्यानं पाह्यलं?"

"हौ."

"त्याची माय कुठं असते?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारलं नाही.

"त्याले आंघोळ कराले सांग," आई म्हणाली. "डोक्यावरून. अन तूही कर."

आंघोळ केली. त्यालाही फोन करून सांगितलं. आईनं सांगितलं आहे, एवढंच म्हणालो. त्यानं का म्हणून विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा अंगणाची भिंत रिकामी होती. इतकी वर्षं रोज सकाळी तिथं भात असायचा. मी विचारलं तर आई सुपातलं पाखडत राहिली आणि म्हणाली, "आता कोणासाठी ठेवू?"

तिच्या आवाजात दुःख नव्हतं. लांबच्या गावाला निघालेलं माणूस एकदाचं गाडीत बसलं की जसा आवाज येतो, तसा होता.

"मोठेबाबा अजून तयार हायेत," ती म्हणाली. "बांधी तशीच हाय. तुहे बाबा सुटले, आता अडचण नाही राह्यली. आता तू समोर बस."

सूप तिच्या हातात हलत होतं आणि मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. इतकी वर्षं कोणी विचारलं की पायलट का नाही झालास, तर मी मनात आईकडे बोट दाखवत आलो होतो. त्यात एक आराम होता. आता तिनं स्वतःच बाजूला होऊन दार मोकळं केलं होतं आणि मला कळेना की पाय उचलत का नाहीत. मी मनात ती उजवीकडची खुर्ची आणून पाहिली. समोरची काच, मोकळं आकाश. मग पिशवी मांडीवर धरलेली माणसं आणून पाहिली. फार वेळ लागला नाही.

"मी नाही जात, आई," मी म्हटलं.

"काहून?"

"मले मागंच बरं वाटते. लोकाइत."

तिनं सूप खाली ठेवलं. "माह्यासाठी म्हणून राह्यला तू."

"नाही. खरंच नाही."

"मी अडवलं म्हणून तुहं मन मेलं."

"आई, मन नाही मेलं. मले आवडते हे काम."

"लोकाले पाणी देणं?"

"हौ. लोकाले पाणी देणं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी आयुष्यात तिला सांगितलेली ही बहुधा सगळ्यात खरी गोष्ट होती, आणि मला दिसत होतं की ती तिला पटत नाही. तिला माझ्यात तो दुसरा मुलगा दिसत होता, जो पायलट झाला असता. त्याच्यासाठी ती आता रडू लागली. मी जवळ जाऊन बसलो, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. मी स्वतःच तिच्या दुःखाचं कारण होतो आणि धडधाकट समोर बसलो होतो.

निघताना तिनं एक डबा दिला. गुळाचे शंकरपाळे. सुतक संपलं की आमच्याकडे तोंड गोड करतात. म्हणाली, "त्या पोराले दे. ज्यानं चालवलं त्याले. त्याच्या घरी कोणाले माईत नसन, करणार कोण?"

त्याची आणि माझी ड्यूटी लवकर एकत्र लागली नाही. डबा माझ्या खोलीत राहिला. शेवटी एका दुपारी नावं एकत्र आली. प्रवासी चढायच्या आधी मी आत गेलो. तो वळला, हसला. मी डबा उघडून समोर धरला.

"किस खुशी में?" त्यानं विचारलं.

"मम्मी ने भेजा है. तेरे लिए."

त्यानं एक तोंडात टाकला, मग दुसरा घेतला. चावताना तो काचेतून बाहेर बघत होता. धावपट्टीच्या कडेच्या गवतावर काही बगळे होते. "रोज लगता है, फिर आएगी," तो हळूच म्हणाला. कॅप्टन बाहेर जिन्यावर कागदांवर सही करत होत्या, त्यांना ऐकू गेलं नसावं.

मला त्याला सांगायचं होतं की ती आता येणार नाही, आमच्या घरी तसं मानलं गेलं आहे. पण ते त्याच्या भाषेत कसं सांगायचं ते सुचलं नाही. मी म्हटलं, "डबा रख ले." तो त्यानं खुर्चीशेजारी बॅगेत ठेवला. कॅप्टन आत आल्या. प्रवासी चढले, मी दरवाजे तपासले, आणि कॉकपिटच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज ऐकून माझ्या जागेवर येऊन बसलो. पहिल्या रांगेत एक म्हातारी होती. तिला पट्टा सापडत नव्हता. मी उठून तिच्याकडे गेलो.